वाळू, बंदर आणि गॅरेज : दुबईतील मोटारवेडाची पार्श्वभूमी

खेड-दापोलीपासून म्हसळा-श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात आखातात माणूस नाही असे गाव क्वचितच सापडेल, आणि सुट्टीवर आलेल्या तरुणांच्या मोबाइलमध्ये हल्ली दुबईच्या मोटार मेळाव्यांचे फोटो हमखास असतात. बॉनेट उघडून ओळीने उभ्या केलेल्या गाड्या पाहिल्या की घरातले वडीलधारे ‘तेलाचा पैसा, दुसरे काय’ म्हणून विषय संपवतात. हे उत्तर पूर्ण चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दुबईच्या मोटारवेडाला पैसा तेलाने पुरवला असला, तरी त्याला वळण दिले ते वाळूने, बंदराने आणि गॅरेजमध्ये राबणाऱ्या परदेशी कारागिरांनी.

दुबईच्या समुद्रात तेल सापडले १९६६ मध्ये आणि त्याची निर्यात सुरू झाली १९६९ मध्ये. गाड्या त्याआधीच येऊन पोहोचल्या होत्या. डांबरी रस्ते नव्हते तेव्हा लँड रोव्हर आणि बेडफर्डचे ट्रक ओहोटीची वेळ साधून किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूवरून ये-जा करीत, कारण आतल्या बाजूची खारवट सपाट जमीन वरून कोरडी दिसली तरी चाक गिळून टाकत असे. खाडीवरचा अल मक्तूम पूल १९६३ मध्ये कतारच्या शासकांनी दिलेल्या कर्जातून उभा राहिला. तोवर पलीकडे जायचे तर तरीत बसायचे किंवा खाडीला लांबचा वळसा घालायचा, एवढेच पर्याय होते. अबुधाबीकडे जाणारा, आज शेख झायेद मार्ग म्हणून ओळखला जाणारा महामार्ग त्यानंतरचा. थोडक्यात, गाडी आधी आणि रस्ता मागाहून, असा तिथला क्रम आहे.

म्हणूनच आखातात वजन राहिले ते वाळूत चालणाऱ्या गाडीला, म्हणजे टोयोटा लँड क्रूझर आणि निसान पेट्रोल यांना. वाळूच्या डोंगरावर चढण्यापूर्वी टायरमधली हवा नेहमीच्या पस्तीसच्या आसपासच्या दाबावरून पंधरापर्यंत, कधी त्याहूनही खाली आणतात. हवा उतरली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो आणि वजन विभागल्यामुळे चाक रुतत नाही. चढावर वेग तुटू द्यायचा नाही, उतारावर गाडी आडवी होऊ द्यायची नाही आणि थांबायचेच झाले तर ब्रेक दाबण्याऐवजी गाडी आपोआप मंदावू द्यायची, हे तिथल्या मुलांना लवकर अंगवळणी पडते. निसान पेट्रोल गाडीचे ४.८ लिटरचे, एका रांगेतील सहा सिलिंडरांचे इंजिन या मंडळींत विशेष मानाचे आहे, कारण टर्बो बसवून त्यातून मूळच्या कितीतरी पट ताकद काढता येते. अबुधाबीच्या लिवा भागातील सुमारे ३०० मीटर उंचीच्या मोरीब टेकडीवर अशा गाड्या चढवण्याच्या स्पर्धा होतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या वाळवंटी रॅलीनेही या हौसेला शिस्तीची जोड दिली. ती सुरू करणारे दुबईचे रॅलीपटू मोहम्मद बिन सुलायेम २०२१ मध्ये जागतिक मोटार महासंघाचे अध्यक्ष झाले.

दुसरे कारण बंदराचे. १९७२ चे रशीद बंदर आणि १९७९ चे जेबेल अली बंदर यांमुळे जपान, अमेरिका, युरोप या सर्व ठिकाणच्या नव्या-जुन्या गाड्या एकाच गावात उतरू लागल्या. आखाती देशांच्या २००३ च्या सीमाशुल्क संघानुसार गाडीवरचे शुल्क पाच टक्के आहे; भारतात पूर्ण बांधणीच्या परदेशी गाडीवर अनेक वर्षे साठ ते शंभर टक्के शुल्क होते, हे लक्षात घेतले की तिथला सामान्य पगारदारही आठ सिलिंडरांची जुनी गाडी कशी बाळगतो याचा उलगडा होतो.

मात्र आणलेली गाडी हाताखालून काढणारे कुणीतरी लागतेच. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या आगबोटींतून, आणि त्यांतली शेवटची ‘द्वारका’ १९८२ मध्ये थांबल्यावर विमानांतून, कोकणातले ड्रायव्हर, फिटर, वेल्डर तिकडे गेले. दुबईच्या अल कूझ भागातली गॅरेजे आणि शारजाच्या औद्योगिक भागातील जुन्या सुट्या भागांची दुकाने केरळी, पाकिस्तानी आणि आपल्याकडच्या माणसांच्या हातांवर चालली. मेळाव्यात टाळ्या गाडीच्या मालकाला मिळतात. सायलेन्सर वाकवून जोडणारा त्या वेळी बहुधा दुसऱ्या पाळीवर असतो.

मेळाव्यांची वेळ हवामानाने ठरवली. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जात असल्याने हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलचा, आणि जमायचे ते रात्री. शुक्रवारची सुट्टी होती तोवर गुरुवारची रात्र या मंडळींची. २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारी आल्यावर तीही सरकली. दिखाऊपणा यात भरपूर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुबई पोलिसांनी २०१३ मध्ये आपल्या ताफ्यात लँबोर्गिनी घेतली, ती मुख्यतः शहराच्या जाहिरातीसाठीच. २०२३ मध्ये ‘पी ७’ ही नंबरप्लेट ५ कोटी ५० लाख दिरहमला लिलावात गेली. ‘एमएच ०८’ पुढे आवडीचा आकडा मिळावा म्हणून आरटीओत जादा पैसे भरणाऱ्यांनी यावर फार हसू नये.

गेल्या काही वर्षांत कायद्याने ही हौस रस्त्यावरून उचलून ठरावीक जागी नेली. २००४ मध्ये सुरू झालेल्या दुबई ऑटोड्रोममुळे वेगासाठी अधिकृत जागा मिळाली होतीच. २०१७ च्या नियमांनी कर्कश आवाजाच्या गाडीला २,००० दिरहम दंड आणि वाहन परवान्यावर १२ ब्लॅक पॉइंट, म्हणजे दोषगुण, लावले, तर २०२३ च्या दुबईतील आदेशानुसार रस्त्यावर शर्यत लावताना जप्त झालेली गाडी सोडवण्यास एक लाख दिरहम मोजावे लागतात. परवानगी घेऊन गाडीत बदल करण्याची वाट मात्र तिथे खुली आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले, त्यामुळे दुबईत पाहिलेला सायलेन्सर चिपळुणात बसवून घेणारा तरुण कारवाईला पात्र ठरतो.