साठ किलो, पण कसले? गतीच्या गणितांतला एक जुना घोळ

लिफ्टमध्ये काट्यावर ६० किलोचा माणूस उभा आहे आणि लिफ्ट २ मी/से² त्वरणाने वर निघाली आहे. काटा किती दाखवेल? गती आणि बलांच्या प्रकरणात हे गणित नसलेलं पुस्तक विरळाच. आज ते एका ओळीत सुटतं: ६० × (९.८ + २) = ७०८ न्यूटन. जुन्या अभियांत्रिकी पद्धतीत मात्र आधी ६० ला ९.८ ने भागायचं, मग २ ने गुणायचं, येणारे १२.२ मूळच्या ६० मध्ये मिळवायचे आणि उत्तर लिहायचं ७२.२ किलो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. फक्त दुसऱ्यातला किलो वस्तुमानाचा नसून बलाचा आहे.

सतराव्या शतकात गतीचे नियम मांडले गेले ते भूमितीच्या आणि प्रमाणांच्या भाषेत. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ हे सुटसुटीत समीकरण न्यूटनच्या १६८७ च्या मूळ ग्रंथात, ‘प्रिन्सिपिया’त, या रूपात सापडत नाही. प्रमाणात बोलायचं असेल तर एककं लागतच नाहीत, त्यामुळे तेव्हा एककांवरून भांडणही नव्हतं. ते सुरू झालं एकोणिसाव्या शतकात, समीकरणात आकडे घालायची वेळ आली तेव्हा. १८७३ मध्ये बलासाठी ‘डाइन’ सुचवला गेला. पौंडवाल्यांनी ‘पौंडल’ काढला. कारखान्यात मात्र बल किलोत आणि पौंडातच मोजलं जात राहिलं.

१९०१ मध्ये मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने निवाडा दिला. किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक, वजन हे बलाच्या जातीचं, आणि वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. इथवर स्वच्छ. पण त्याच ठरावात गुरुत्व त्वरणाचं प्रमाण मूल्यही ठरवलं: ९.८०६६५ मी/से². प्रत्यक्षात हा आकडा विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ असतो. मूल्य एकदा कागदावर पक्कं झाल्यावर ‘किलोग्रॅम-बल’ (त्या मूल्याने एक किलो वस्तुमानाचं जेवढं वजन भरतं तेवढं बल) हे एककही पक्कं झालं, म्हणजे ज्या घोळावर औषध काढलं त्यालाच बळ मिळालं. माझ्या मते पुढच्या पिढ्यांच्या वह्यांत भागिले ९.८ कुठे करायचं आणि कुठे नाही, याचा जो गोंधळ दिसतो, त्याचं एक मूळ या ठरावात आहे. १९४८ मध्ये बलाच्या एककाला ‘न्यूटन’ हे नाव मिळालं, १९६० मध्ये एसआय ही आंतरराष्ट्रीय एकक पद्धत आली, आणि मग भागाकार हळूहळू पुस्तकांतून गेला. बाजारातून तो जायचा प्रश्नच नव्हता; ‘वजन किती’ या प्रश्नाला न्यूटनमध्ये उत्तर देणारा माणूस अजून भेटायचा आहे. (९.८ ऐवजी १० घ्यायची सवलत ही वेगळीच गंमत. २० मीटरवरून सोडलेला दगड १० घेतल्यास बरोबर २ सेकंदांत पडतो, ९.८ घेतल्यास २.०२ सेकंदांत.)

लहरींच्या प्रकरणात असा तंटा जवळपास नाही. वारंवारितेचं एकक ‘सायकल प्रति सेकंद’ जाऊन ‘हर्ट्झ’ आला, आकडा तोच राहिला.

वजनाचा शब्द मात्र अजून सुटलेला नाही. काही पुस्तकं वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल मानतात. त्यांच्या हिशेबी लिफ्टमधल्या माणसाचं वजन ५८८ न्यूटनच, आणि ७०८ हे ‘आभासी वजन’. काही पुस्तकं काटा दाखवेल तेच वजन म्हणतात. राशी आणि एककांच्या आंतरराष्ट्रीय मानकातली वजनाची व्याख्याही या दुसऱ्या बाजूकडे झुकते, कारण ती वजनाला संदर्भचौकटीशी, म्हणजे आपण कुठून मोजतो आहोत त्याच्याशी, बांधते. ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळस्थानकात गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. तिथल्या अंतराळवीराला पहिली व्याख्या भरपूर वजन देते, दुसरी शून्य. म्हणून अशा गणितात आधी पुस्तकाने कोणती व्याख्या घेतली आहे ते पाहायचं, आणि मगच उत्तरसूचीशी ताडायचं.