दरोडा-कथानकाची एस्केप रूम

दरोडा-कथानकाची एस्केप रूम : बंद जागेत, ठरावीक वेळेत, गटाने कोडी सोडवत बनावट तिजोरीपर्यंत पोचायचे, माल उचलायचा आणि घड्याळ संपण्याआधी बाहेर पडायचे, असा खेळ. वेळ बहुधा ६० मिनिटे. गट साधारणपणे ४ ते ६ जणांचा. ‘एस्केप रूम’ हेच नाव मराठीतही रूढ आहे, पण या कथानकाला ते अर्धेच लागू पडते. मूळ प्रकारात खेळाडू कोंडलेला असतो आणि त्याला दार हवे असते ते बाहेर जायला. येथे दार हवे असते ते आत शिरायला. सुटका हा फक्त शेवटचा टप्पा. या उलटापालटीमुळे खोलीची मांडणी, गटातील कामाची वाटणी आणि हमखास होणाऱ्या चुका, तिन्ही बदलतात.

‘दरोडा’ हा शब्दही येथे सैलच वापरला जातो. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१० नुसार (पूर्वी भारतीय दंड संहिता, कलम ३९१) पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. चौघांचा गट त्या व्याख्येत बसतच नाही. शिवाय खेळात कोणावर बळजबरी नसते, त्यामुळे काटेकोर बोलायचे तर ही घरफोडी होय. घरफोडीकडे कौशल्य म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकात शर्विलक हा चोर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी पद्मव्याकोश, भास्कर, बालचंद्र, वापी, विस्तीर्ण, स्वस्तिक व पूर्णकुंभ असे सात आकार आठवतो, विटांची भिंत पाहून पूर्णकुंभ निवडतो आणि मोजायची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच जानव्याने माप घेतो. आधी पाहणी, मग आखणी, हाताशी असेल त्या वस्तूचा उपयोग : आजच्या खेळाचा क्रम याहून फारसा वेगळा नाही.

उगम : प्रत्यक्ष खोलीत खेळण्याच्या या प्रकाराचा आरंभ जपानमध्ये झाला, असे सामान्यतः मानतात. ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’ या संस्थेने २००७ मध्ये क्योतो येथे पाच-सहा जणांच्या गटांसाठी असा खेळ भरवला. त्यामागची प्रेरणा संगणकावरील ‘खोलीतून सुटा’ धर्तीचे खेळ. त्यांपैकी तोशिमित्सु ताकागी यांचा २००४ मधील ‘क्रिम्सन रूम’ विशेष प्रसिद्ध आहे. मात्र या एकाच धाग्याने सगळा उगम उलगडत नाही. बुडापेस्टमध्ये २०११ साली अत्तिला ग्युर्कोविच यांनी सुरू केलेले ‘पॅरापार्क’ हे केंद्र जपानी खेळाशी संबंध न येता उभे राहिले, असे सांगितले जाते. त्याची वैचारिक बैठक मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्या तल्लीनतेविषयीच्या मांडणीत होती. युरोपातील प्रसाराचे श्रेय अनेकदा बुडापेस्टला देतात. तेथील जुन्या इमारतींची रिकामी तळघरे या कामी सोयीची ठरली.

तिसरे मत खेळांचे अभ्यासक स्कॉट निकल्सन यांचे. १७५ केंद्रांच्या माहितीवर आधारलेल्या २०१५ मधील पाहणीत त्यांनी एकच उगम न मानता संगणकीय साहसखेळ, कोड्यांच्या शोधयात्रा, भूमिका घेऊन खेळायचे खेळ, प्रेक्षकांना सामील करून घेणारे नाट्य आणि दूरचित्रवाणीवरील साहसस्पर्धा असे अनेक प्रवाह दाखवले. खोलीत कोंडण्याच्या खेळाला जपानी उगम पुरेसा वाटतो. पण दरोड्याच्या खोलीतील तारेखालून सरपटणे, घंटीला धक्का न लावणे, मौल्यवान वस्तू घेऊन वेळेत दाराबाहेर येणे या गोष्टींची जवळीक १९९० मध्ये फ्रान्समध्ये ‘फोर बोयार’ आणि ब्रिटनमध्ये ‘क्रिस्टल मेझ’ या नावांनी सुरू झालेल्या दूरचित्रवाणी स्पर्धांशी अधिक आहे. त्यामुळे या पोटप्रकारापुरते निकल्सन यांचे मत अधिक ग्राह्य धरावे लागते. भारतात हा खेळ २०१० नंतरच्या दशकाच्या मध्याच्या सुमारास महानगरांतून पसरू लागला.

रचना : नेहमीची मांडणी तीन दालनांची असते. पहिले पहारेकऱ्याची खोली किंवा व्यवस्थापकाची केबिन, दुसरा लेझरचा बोळ, तिसरी तिजोरी. पहिल्या दालनात शोधाशोध जास्त, तिसऱ्यात हिशेब जास्त.

कुलपे दोन जातींची. हाताने उघडायच्या कुलपांत तीन आकड्यांचे नंबर कुलूप सर्वांत सामान्य. त्याच्या १,००० शक्यता होतात. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तरी सगळ्या तपासायला ३३ मिनिटे लागतात, म्हणजे अर्धा खेळ गेला. मात्र दोन आकडे कळले असतील तर उरतात फक्त १०, आणि तिन्ही वेगवेगळे आकडे माहीत असून क्रम माहीत नसेल तर ६. म्हणून शेवटचा एक आकडा अडला तर तो शोधत बसू नये, सरळ फिरवून पाहावा. दोन अडले तर पुन्हा कोड्याकडे वळावे. चार आकड्यांच्या कुलपाला १०,००० शक्यता असल्याने तेथे अंदाजाचा मार्ग जवळपास बंद होतो. बाण ढकलून उघडायच्या दिशा-कुलपात आधीची चुकलेली चाल आतच राहते. कडी दोनदा दाबून ते कोरे केल्याशिवाय बरोबर उत्तरही लागत नाही. उत्तर चूक ठरवून गट पुढे जातो, ते बहुतेक वेळा याच कुलपापाशी.

दुसरी जात विजेची. दारे व लपवलेले कप्पे बहुधा १२ व्होल्टच्या चुंबकी कुलपांनी धरलेले असतात. कारागीर त्यांना मॅगलॉक म्हणतात. वीज असेपर्यंत ते ओढून धरते, वीज गेली की सुटते. मूर्ती जागेवर ठेवताच कप्पा उघडतो, तेव्हा मूर्तीच्या तळात चुंबक आणि चौथऱ्याखाली रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालणारे बटण) असतो. मूर्ती तिरकी किंवा उलटी ठेवली तर चुंबक स्विचसमोर येत नाही आणि ‘जागा चुकली’ असा गैरसमज होतो. म्हणून वस्तू उचलण्यापूर्वी ती एकदा फिरवून पाहणे हिताचे.

लेझरच्या बोळात लाल, सुमारे ६५० नॅनोमीटरचे डायोड एका भिंतीवर आणि प्रकाशाने रोध बदलणारे संवेदक समोरच्या भिंतीवर असतात. संवेदकाला काळ्या नळीत तीन-चार सेंटिमीटर आत बसवले नाही तर खोलीतील उजेडानेच तो फसतो. किरण दिसावेत म्हणून पाण्यावर आधारलेले धूर-यंत्र चालवतात. धूर दाट झाला की किरण संवेदकापर्यंत क्षीण होऊन पोचतो आणि कोणी स्पर्श न करताही घंटा वाजते. डोळ्यांसाठी १ मिलिवॉटच्या आतला डायोड असावा. बाजारात सहज मिळणारे सुटे डायोड त्याहून तीव्र असू शकतात. मुख्य दोष सरकण्याचा आहे. १० सेंटिमीटर लांबीची बैठक एका टोकाला १ मिलिमीटर कलली, तर ४ मीटरवर ठिपका ४ सेंटिमीटर ढळतो. प्लायवूडच्या भिंतीला टेकून उभा राहिलेला एक खेळाडूही एवढे करू शकतो. काही ठिकाणी लेझरऐवजी इलास्टिकच्या दोऱ्या आणि घुंगरू लावतात. दिसायला साधे, पण बिघडत नाही.

तबकडीच्या खऱ्या तिजोरीला तीन अंक लागतात. सर्वसाधारण रीत अशी : डावीकडे फिरवत पहिला अंक चौथ्यांदा खुणेवर आणावा, उजवीकडे फिरवत दुसरा अंक तिसऱ्यांदा, पुन्हा डावीकडे फिरवत तिसरा दुसऱ्यांदा, मग तबकडी अडेपर्यंत उजवीकडे. अंक एका घराने जरी पुढे गेला तरी मागे न येता पहिल्यापासून सुरुवात करावी, कारण मागे वळवल्याने आतील चकत्यांची जागा ढळू शकते. हे काम एकाने करावे, दुसऱ्याने मोठ्याने फेरे मोजावेत. बाकीच्यांनी गप्प बसावे, हे सर्वांत अवघड.

खेळण्याची रीत : आत जाण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नियम सांगितले जातात आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावतात. ज्या वस्तूवर ‘हात लावू नये’ अशी खूण आहे ती खेळात नाही. या एका सूचनेकडे दुर्लक्ष करणारे गट विजेची बटणे आणि एसीची झाकणे उघडत बसतात. पहिल्या पाच-सात मिनिटांत सर्वांनी शोधावे आणि सापडलेली प्रत्येक वस्तू एकाच टेबलावर आणून ठेवावी. वापरलेली किल्ली त्याच कुलपात लटकती ठेवावी. बहुतेक खोल्यांत एका किल्लीचे काम एकदाच असते. नंतर दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात आणि एकाला मोकळा ठेवावा. तो कोडे सोडवत नाही. कोणाला काय सापडले, कोणते कुलूप अजून उत्तराविना आहे, याची उजळणी करतो. दरोड्याच्या खेळात हा माणूस विशेष लागतो, कारण रचनाकार मुद्दाम गट फोडतो : दोघे कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर, तिघे बोळात, आणि पडद्यावर दिसणारी खूण बोळातल्यांना ओरडून सांगावी लागते. येथे ‘तो चौकोन’, ‘इकडचा’ असे शब्द निरुपयोगी; रंग, आकडा आणि डावे-उजवे कोणाच्या बाजूने, हे ठरवून घ्यावे लागते.

दहा मिनिटे एकही कुलूप उघडले नाही तर गेम मास्टरकडे, म्हणजे खेळावर बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या माणसाकडे, इशारा मागावा. अडलेल्या गटाचा दोष बहुधा बुद्धीचा नसतो. एकाच सुगाव्याचे दोन तुकडे दोन खिशांत असतात.

तिजोरी उघडल्यावर अनेक खेळांत लोभाचा टप्पा येतो. गुण मालावर मिळतात, पण घड्याळ शून्यावर येईपर्यंत कोणी आत राहिला तर सगळेच बाद. सोन्याची बिस्किटे वजनमापक पाटावर असतील तर उचललेल्या बिस्किटाजागी तेवढेच वजन ठेवावे लागते, नाहीतर घंटा वाजते. परतीचा मार्ग त्याच लेझरच्या बोळातून असल्यास पिशवी घेऊन जायला येतानापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यासाठी निदान चार मिनिटे राखून ठेवावीत.

नाशिकचा संदर्भ : दरोड्याच्या कथानकाला नाशिकमध्ये आयती पार्श्वभूमी आहे. नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि ‘प्रेस’ एवढे म्हटले की गावात ते कळते. मात्र कथानकासाठी खऱ्यासारख्या नोटा छापणे चालत नाही. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद तयार करणे वा वापरणे न्याय संहितेच्या कलम १८२ खाली येते. लहान मुलांच्या ‘मनोरंजन बँके’च्या नोटा वापराव्यात, किंवा आकार व रंग दोन्ही बदलावेत. त्यापेक्षा सराफ बाजाराचे कथानक अधिक चपखल. गोदावरीला पूर आला की या पेठेत पाणी शिरते, आणि पाणी किती चढले हे नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. उलट्या घड्याळाऐवजी मूर्तीच्या गुडघा, कंबर, छाती, गळा अशा खुणांवर चढणारे पाणी दाखवले तर वेळ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट हवेने प्लायवूड फुगते, दारे घासतात आणि वर सांगितलेला किरण ढळतो. या काळात रोज पहिल्या खेळापूर्वी प्रत्येक संवेदक तपासावा. वीज गेली की चुंबकी कप्पे एकदम उघडून कोडी फुटतात, म्हणून कप्प्यांना बॅटरीचा आधार देतात.

सुरक्षा : बॅटरीचा हा आधार बाहेरच्या दाराला कधीही देऊ नये, वीज गेल्यावर ते सुटलेच पाहिजे, आणि आतून दाबायचे हिरवे बटण चुंबकाची तार थेट तोडणारे असावे, संगणकामार्फत चालणारे नव्हे. पोलंडमधील कोशालिन येथे ४ जानेवारी २०१९ रोजी अशा केंद्रात लागलेल्या आगीत १५ वर्षांच्या पाच मुली मृत्युमुखी पडल्या. त्या खोलीतून बाहेर पडू शकल्या नव्हत्या. त्यानंतर अनेक देशांत खोल्यांना खरे कुलूप लावण्याची पद्धत मागे पडली आणि ‘कोंडणे’ हे केवळ नाटक राहिले. महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैत घ्यावे लागते. धूर-यंत्रामुळे खोटी सूचना येते म्हणून धूरशोधक झाकून ठेवण्याची सवय धोक्याची. त्याऐवजी बोळापुरते उष्णताशोधक बसवतात.