बटाट्याचे वेफर्स

कच्च्या बटाट्याच्या पातळ चकत्या तेलात तळून, मीठ लावून केलेला कुरकुरीत पदार्थ. चिप्स या नावानेही तो ओळखला जातो. बटाट्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते; तयार वेफरमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास उरते. एक किलो वेफर्सना साधारण चार किलो बटाटे लागतात ते त्यामुळेच. वेफरचा आवाज, रंग, तेलकटपणा आणि शेवटी त्याचे सादळणे, हे सगळे या पाण्याच्या जाण्या-येण्यावर ठरते.

चांगला वेफर उजेडासमोर धरला तर मधला भाग अर्धपारदर्शक दिसतो. जाडी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर, रंग फिकट सोनेरी, कडेला किंचित गडद. पृष्ठभाग सपाट क्वचितच असतो. ठिकठिकाणी फोड आलेले असतात. आत अडकलेल्या वाफेने तिथला थर उचललेला असतो. चकती सगळीकडे सारखी सुकत नाही, त्यामुळे ती आक्रसताना वाकते आणि कडा मुरडतात. बोटांना आधी मिठाची बारीक खर लागते, मग तेलाचा पातळ थर. एखाद्या वेफरच्या कडेला हिरवी झाक दिसते. बटाट्यावर उजेड पडून तिथे हरितद्रव्य तयार झालेले असते आणि त्याच्या जोडीला सोलानिन हे कडू, विषारी द्रव्यही वाढलेले असू शकते. तळण्याने ते फारसे नष्ट होत नाही. असा तुकडा बाजूला ठेवावा हे बरे.

चकत्या कापल्यावर आधी पाण्यात धुतात. कापलेल्या पेशींतून सुटलेले स्टार्च निघून गेले नाही तर त्या तेलात एकमेकींना चिकटतात. तळणीचे तेल १६० ते १८० अंश सेल्सिअस तापलेले असते. चकती पडताच ते खवळते, पण ते बुडबुडे वाफेचे असतात. पाणी भरपूर आहे तोवर चकतीचे आतले तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही. या काळात स्टार्च फुगते, शिजते. पाणी संपत आले की बुडबुडे विरळ होतात, तेलाचा चरचराट मंदावतो, तापमान चढते आणि रंग धरू लागतो. सरावलेला तळणारा म्हणूनच घड्याळापेक्षा आवाजाकडे लक्ष देतो. सगळे काम दोन-तीन मिनिटांचे. शेवटच्या काही सेकंदांत सोनेरीचा तपकिरी आणि तपकिरीचा कडू होतो.

वेफरच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेल असते. ते तळताना शिरते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तळत असताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. चकती बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते, पोकळ्यांतला दाब घटतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. झारा कढईवरच नीट झटकणे याला त्यामुळे फार महत्त्व आहे. मीठही याच वेळी टाकायचे, कारण ओल्या तेलाला ते धरते. मोठा खडा गळून तळाशी जातो, म्हणून ते बारीक हवे. मसाल्यांखाली बरेच दोष झाकता येतात. बटाटा मुळात कसा होता हे कळायला नुसत्या मिठाचा वेफरच खावा.

रंगाचे मूळ बटाट्यातल्या साखरेत आहे. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांची अमिनो आम्लांशी उष्णतेत मेलार्ड अभिक्रिया होते. खमंग वास आणि सोनेरी रंग तिचेच. साखर जास्त असेल तर वेफर आतून ओला असतानाच वरून काळवंडतो. फ्रिजइतक्या थंडीत ठेवलेल्या बटाट्यातले स्टार्च साखरेत बदलू लागते, म्हणून वेफर्ससाठीचे बटाटे त्याहून उबदार जागी साठवतात. याच अभिक्रियेत अस्परॅजिन या अमिनो आम्लापासून अ‍ॅक्रिलामाइड तयार होते. ते कर्करोगकारक असण्याची शक्यता मानली जाते. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ते असते हे २००२ साली स्वीडनमध्ये उघड झाले. गडद वेफरमध्ये ते जास्त, फिकट वेफरमध्ये कमी.

वेफर खाण्यात कानाचा वाटा मोठा असतो. पाणी गेलेल्या पेशींच्या भिंती काचेसारख्या कडक व ठिसूळ होतात आणि दातांखाली एकापाठोपाठ एक तडकतात. मासिमिलियानो झांपिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून बदलून ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातल्या उंच पट्टीच्या ध्वनिलहरी वाढवल्या, तर तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटला.

जन्मकथा म्हणून अमेरिकेतील सॅराटोगा स्प्रिंग्जची गोष्ट सांगितली जाते: १८५३ साली एका गिऱ्हाइकाने बटाट्याचे काप जाड असल्याची तक्रार केली आणि जॉर्ज क्रम या स्वयंपाक्याने चिडून कागदासारखे पातळ काप तळून पाठवले. गोष्ट झकास आहे, पण विल्यम किचनर यांच्या १८१७ सालच्या इंग्रजी पाकपुस्तकात बटाट्याच्या पातळ सालपटांसारख्या कापांचे तळण आधीच दिलेले आहे. पुढे कॅलिफोर्नियात लॉरा स्कडर यांनी १९२६ च्या सुमारास मेणकागदाच्या बंद पिशव्या आणल्या. चीज-कांद्याच्या चवीचे वेफर्स १९५०च्या दशकात आयर्लंडमध्ये टेटो कंपनीने काढले.

नळकांड्यात रचून येणारे प्रिंगल्स मात्र चकत्यांचे नसतात. सुकवलेल्या बटाट्याच्या भुग्यात इतर पिठे मिसळून केलेल्या कणकेचे ते खोगिराच्या आकाराचे तुकडे. बटाट्याचा अंश निम्म्याहून कमी. तरीही ते करासाठी बटाट्याच्या वेफर्समध्येच मोडतात, असा निकाल ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २००९ साली दिला.

पाकिटात हवा भरलेली वाटते तो बहुधा नायट्रोजन असतो. तो ऑक्सिजनला दूर ठेवतो आणि धक्क्यांपासून गादीचे कामही करतो. आतला चंदेरी थर उजेड व दमट हवा अडवतो. पाकीट उघडे राहिले की कोरडा वेफर हवेतली वाफ शोषतो, पेशींच्या भिंती लवचिक होतात आणि वेफर तडकण्याऐवजी वाकतो. असे सादळलेले वेफर्स मंद ओव्हनमध्ये काही मिनिटे ठेवून गार केले तर पुन्हा कुरकुरीत होतात. तेल खवट झाले असेल तर मात्र टाकून द्यावे लागतात.