किल्ला आणि वाघ एकाच वाटेवर कसे आले

रणथंभोरच्या तलावाकाठी एखाद्या पडक्या छत्रीत (घुमटाच्या दगडी मंडपात) निवांत बसलेल्या वाघाचे छायाचित्र न पाहिलेला वन्यजीवप्रेमी विरळाच. आग्रा, फतेहपूर सीक्री, भरतपूर, रणथंभोर, जयपूर, किंवा खजुराहो, पन्ना, बांधवगड, कान्हा अशा मार्गांवरच्या सहली आज सर्रास विकल्या जातात, आणि एकाच फेरीत ताजमहाल व वाघ दोन्ही पदरात पडावेत ही पर्यटकाची अपेक्षाही आता रुळली आहे. ही जोडी पर्यटन व्यावसायिकांनी जुळवलेली वाटते. तिचे मूळ मात्र बरेच जुने आहे. अनेक ठिकाणी किल्ला, राजवाडा आणि जंगल यांचा मालक एकच होता, आणि ते जंगल त्याने शिकारीसाठी राखून ठेवले होते.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतून इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला असला, तरी त्याच्या मुळाशी अरबी ‘सफर’ आहे, म्हणजे तो शब्द मराठीत आधीपासून दुसऱ्या वाटेने नांदतच होता. भारतात मात्र वाघाच्या जंगलातील प्रवासाला शतकानुशतके एकच नाव होते, ते म्हणजे शिकार. मुघल बादशहांच्या मोहिमांइतक्याच थाटाच्या शिकारी होत. पुढे संस्थानिकांनी ती प्रथा उचलली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या पाहुणचारासाठी वाढवली. राखीव शिकारीच्या जंगलात गावकऱ्यांनी हत्यार उचलायचे नाही, हा दंडक असे. पाणवठे बांधून घेतले जात, शिकाऱ्याला दडून बसण्यासाठी दगडी ओद्या उभारल्या जात आणि पाहुण्यांची वाहने मचाणापर्यंत पोहोचावीत म्हणून रस्ते काढले जात. जंगल टिकले ते या बंदोबस्तामुळे, आणि वाघ टिपले गेले तेही याच बंदोबस्तामुळे.

रणथंभोर हे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. हम्मीरदेव चौहानाकडून अलाउद्दीन खिलजीने १३०१ मध्ये घेतलेला आणि १५६९ मध्ये अकबराच्या ताब्यात गेलेला हा किल्ला अठराव्या शतकात जयपूरच्या कछवाहा राजघराण्याकडे आला. सवाई माधोसिंह पहिला याने १७६३ मध्ये पायथ्याच्या प्रदेशात सवाई माधोपूर वसवले आणि भोवतालचे जंगल जयपूर दरबाराची शिकारगाह बनले. ही परंपरा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली: १९५५ मध्ये अभयारण्य घोषित झालेल्या याच परिसरात जानेवारी १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या दौऱ्यात प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला. अभयारण्य आणि शाही शिकार एकाच जागी नांदत होती, यात त्या काळी फारसे कोणाला खटकले नसावे.

रीवा संस्थानाच्या बांधवगडाचीही हीच कथा. बाघेल राजांचा हा डोंगरी किल्ला ओस पडत गेला, पण त्याच्या भोवतीचे जंगल शिकारीसाठी राखलेले राहिले. रीवा संस्थानाच्याच जंगलात महाराजा मार्तंडसिंह यांनी १९५१ मध्ये पांढऱ्या वाघाचा ‘मोहन’ नावाचा बछडा पकडला; जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील पांढऱ्या वाघांची वंशावळ प्रामुख्याने त्याच्यापर्यंत जाते. बांधवगड १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. भरतपूरला वाघ नव्हे तर बदके होती, एवढाच फरक. तेथील केवलादेव पाणथळ भागात १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, आणि हा आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या या उद्यानात आज पक्षीनिरीक्षक त्याच शिळेसमोर थांबून वाचतात.

सर्वच व्याघ्रप्रकल्प संस्थानी नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क या नावाने सुरू झालेले आणि पुढे जिम कॉर्बेट यांचे नाव मिळालेले उद्यान, किंवा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला कान्हा, ही ब्रिटिश वनखात्याची जंगले होत. तेथे किल्ल्यांऐवजी वनखात्याची विश्रामगृहे आढळतात.

स्वातंत्र्यानंतरची पंचवीस वर्षे वाघांसाठी संस्थानी काळापेक्षाही वाईट गेली. संस्थाने विलीन झाली, राखणदार गेले, जीप आणि प्रखर दिवे आले, आणि शिकार कंपन्या परदेशी ग्राहकांना पैसे घेऊन वाघ ‘मिळवून’ देऊ लागल्या. १९६९ मध्ये दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या अधिवेशनात वाघाच्या स्थितीवर चिंता व्यक्त झाली. १९७२ च्या गणनेत देशात सुमारे १,८२७ वाघ निघाले आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेट येथे व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. कैलाश सांखला हे त्याचे पहिले संचालक होते. पहिल्या नऊ प्रकल्पांत रणथंभोरबरोबर आपला मेळघाटही होता.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने राजवाड्यांची दारे उघडत होती. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाडा सांभाळण्याचा खर्च कोठून काढायचा, हा प्रश्न उभा राहिला. जयपूरचा रामबाग पॅलेस १९५७ मध्येच हॉटेल झाला होता. आता त्या वाटेने अनेक जण गेले. सवाई माधोपूर आणि सरिस्का येथील संस्थानी शिकारवाडेही हॉटेले झाले. २६ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या ‘पॅलेस ऑन व्हील्स’ या आलिशान गाडीच्या मार्गावर आज जयपूर, सवाई माधोपूर, चित्तोडगड, भरतपूर आणि आग्रा ही ठिकाणे एका सलग यात्रेत येतात. माझ्या मते वारसा आणि व्याघ्रदर्शन यांची आजची सांगड खऱ्या अर्थाने बसली ती त्या काळात: शिकारीचा पाहुणा गेला, कॅमेऱ्याचा पाहुणा आला, आणि त्याच्या मुक्कामाची वास्तू व फिरण्याची वाट बहुधा जुनीच राहिली.

या बदलाची किंमत गावांनी मोजली. रणथंभोरमध्ये सत्तरच्या दशकात वनाधिकारी फतेहसिंह राठोड यांच्या देखरेखीखाली जंगलातील गावे बाहेर हलवली गेली. गुरे व शेती हटल्यावर कुरणे वाढली, सांबर-चितळ वाढले, आणि रात्रीचा समजला जाणारा वाघ दिवसा तलावाकाठी दिसू लागला. पर्यटकांची रीघ त्यानंतरची. पर्यटन असूनही शिकारी टोळ्यांनी डाव साधला, हे २००५ च्या सुमारास सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाल्यावर कळले; २००९ पर्यंत पन्नाचीही तीच गत झाली. सरिस्काच्या धक्क्यातून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले आणि दोन्हीकडे बाहेरून वाघ आणून सोडण्यात आले. २००६ मध्ये १,४११ असलेला अंदाज २०२२ मध्ये ३,६८२ वर पोहोचला. सफारीवरची बंधनेही याच काळातली: जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येईल, अशी मर्यादा मार्गदर्शक तत्त्वांत आली.

महाराष्ट्रातही या जोडीच्या खुणा आहेत, फक्त त्यांची जाहिरात कमी झाली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने डिसेंबर १८०३ मध्ये जिंकलेला गाविलगड आणि अकोल्याकडील नरनाळा हे दोन्ही किल्ले मेळघाटच्या जंगलाला लागून आहेत. ताडोबाच्या रस्त्याकडेला उभे असलेले दगडी खांब चंद्रपूरच्या गोंड राजांच्या काळातले मानले जातात, आणि ‘तारू’ या स्थानिक देवाच्या नावावरून ताडोबा हे नाव आले, असे सांगितले जाते.

या जंगलांत तिकीट काढून येणाऱ्यांच्या आधीपासून येणारे लोकही आहेत. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा ठरलेल्या रणथंभोरच्या माथ्यावर त्रिनेत्र गणेशाचे देऊळ आहे. तेथे लग्नाची पहिली पत्रिका टपालाने पाठवली जाते आणि भाद्रपदातील चतुर्थीला भाविकांचा लोंढा वाघांच्या हद्दीतून चालत गडावर चढतो. एरवी बंद असलेल्या बांधवगडावरही जन्माष्टमीला रामजानकी मंदिराच्या दर्शनासाठी वाट मोकळी केली जाते. त्या दिवशी किल्ल्याच्या चढणीवर सफारीच्या जिप्सी गाड्या नसतात, माणसे पायी असतात.