आर्द्रतेचा चकवा

थंड देशांतील व्यायामविषयक पुस्तकांमध्ये हिवाळ्यासाठी एक वेगळे प्रकरण हमखास असते आणि त्यात वाऱ्यामुळे वाढणाऱ्या थंडीचे कोष्टक दिलेले असते. या कोष्टकाचे मूळ अंटार्क्टिकातील एका प्रयोगात आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी तेथे वेगवेगळ्या वाऱ्यांत पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजले आणि १९४५ मध्ये त्यावरचे सूत्र प्रसिद्ध केले. आज वापरात असलेले सुधारित सूत्र १० अंश सेल्सिअस किंवा त्याखालील तापमानालाच लागू पडते, त्यामुळे दापोलीकडची एखादी गारठलेली पहाट सोडली तर कोकण किनाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे घराबाहेरचा व्यायाम थंडीमुळे बंद पडत नाही. तो बंद पडतो जूनमध्ये झड लागली की, आणि मग चालण्याचे बूट थेट दिवाळीला बाहेर निघतात.

यामागे भिजण्याचा कंटाळा असतोच, पण एक गैरसमजही असतो. हवेत ९५ टक्के आर्द्रता असताना घाम वाळणार कसा आणि दम लागणार नाही का, असा प्रश्न अनेकांना पडतो. वरवर तो रास्त वाटतो. स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा हालचालीसाठी खर्च करतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन शरीरातच साठू लागते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतो. नुसता ओघळून खाली पडलेला घाम मात्र जवळजवळ काहीच नेत नाही.

परंतु घाम किती वाळेल हे आर्द्रतेच्या टक्केवारीवरून ठरत नाही, आणि इथेच चकवा लागतो. टक्केवारी एवढेच सांगते की त्या तापमानाला हवा जितके बाष्प धरू शकते, त्याच्या किती प्रमाणात ते तिच्यात आहे; आणि ही क्षमता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. घाम वाळण्यासाठी महत्त्वाचा असतो तो त्वचेलगतच्या आणि भोवतालच्या हवेतील बाष्पाचा प्रत्यक्ष फरक. व्यायामाने तापलेल्या, ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत एका घनमीटर हवेत सुमारे ४० ग्रॅम बाष्प असते. ऑक्टोबरच्या उन्हात ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ते सुमारे २५ ग्रॅम असते, तर जुलैच्या झडीत २५ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असताना सुमारे २२ ग्रॅम. म्हणजे आकड्याने जास्त दमट वाटणाऱ्या पावसाळी हवेत घामाला उडून जायला १८ ग्रॅमांची वाट मोकळी असते आणि ऑक्टोबरमध्ये १५ ग्रॅमांची. शिवाय ढगांमुळे ऊन नसते, वारा असतो आणि अंगावरून ओघळणारे पावसाचे पाणी स्वतःही उष्णता घेऊन जाते. माझ्या मते किनाऱ्यावरच्या माणसाने व्यायामाची धास्ती घ्यायचीच असेल तर ती ऑक्टोबरची घ्यावी.

हा फायदा आपण रेनकोट घालून गमावतो. बंद प्लॅस्टिकच्या आत हवा काही मिनिटांत बाष्पाने संपृक्त होते आणि पावसापासून वाचलेला माणूस घामाने भिजतो. भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवरचे इरले या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे हे छप्पर डोके-पाठ झाकते, बाजू उघड्या ठेवते आणि आतून वारा खेळू देते. तासन्‌तास कष्टाचे काम करताना हीच रचना हवी. घोंगडीचेही तसेच आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही अंगाला ओली लागत नाही; सुती सदरा मात्र पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो.

चालत असेपर्यंत हा चिकटलेला सदरा त्रास देत नाही, कारण झपझप चालताना शरीर विश्रांतीच्या तिप्पट-चौपट उष्णता निर्माण करते. थांबल्यावर ती एकदम घटते, ओल्या कपड्यांतून उष्णता निघून जाणे मात्र चालूच राहते आणि हुडहुडी भरते. म्हणून घरी पोहोचल्यावर आधी कपडे बदलावेत, चहा नंतर. सर्दी विषाणूंमुळे होते हे खरे असले, तरी ‘भिजलास तर सर्दी होईल’ हा आजीचा धाक अगदीच निराधार नव्हता. कार्डिफ येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८० जणांपैकी निम्म्यांनी २० मिनिटे पाय थंड पाण्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्या ९० जणांपैकी १३ जणांनी सर्दी झाल्याचे सांगितले, इतर ९० जणांपैकी ५ जणांनी. ते पाणी १० अंशांचे होते, आपला पाऊस त्याहून बराच उबदार असतो.

खरे धोके पायाखाली असतात. जांभ्या दगडाच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेवर, शेवाळ धरले की उतरताना पाय सटकतो, म्हणून अशा दिवसांत चढण पाखाडीने आणि उतरण डांबरी रस्त्याने करणे बरे. साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जीवाणू आलेले असू शकतात आणि त्यांना शरीरात शिरायला पायाची भेग किंवा बोटांमधल्या चिखल्या पुरतात. जखम असताना अशा पाण्यातून चालू नये, आणि चाललो असू व नंतर ताप आला तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. विजेचा धोका ऐन जुलैपेक्षा मेअखेरीस आणि पाऊस परतताना जास्त असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या दर ३ सेकंदांमागे अंतर सुमारे १ किलोमीटर धरावे. हा अवधी ३० सेकंदांहून कमी भरला तर पुळणीवर थांबू नये, कारण त्या सपाट वाळूवर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत पक्क्या घरातच राहावे.