स्मोक अलार्म फोडणीला का घाबरतो, आणि दहा वर्षांनी का बदलायचा

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या मराठी घरात मिरचीची फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म कर्कश ओरडू लागतो. मग कोणीतरी खुर्चीवर चढून बॅटरी काढते, आणि ती परत घालायची राहून जाते. खरा धोका तिथे सुरू होतो. फोडणीला ओरडण्याची ही खोड यंत्राच्या जन्मापासूनची आहे.

1930च्या दशकाच्या उत्तरार्धात स्विस भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे उपकरण तयार करत होते. किरणोत्साराने हवेत आयन, म्हणजे विद्युतभारित कण, निर्माण केले की दोन पट्ट्यांमधून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहतो. वायूमुळे तो बदलेल अशी अपेक्षा होती, पण काहीच बदलले नाही. येगर यांनी सिगारेट पेटवली तेव्हा मात्र काटा हलला. धुराचे कण आयनांना पकडत होते, म्हणून प्रवाह घटत होता. एर्न्स्ट माइली यांनी हा क्षीण संकेत मोठा करणारी नळी तयार केली आणि कल्पनेचे यंत्र झाले. तरीही ते महाग होते, त्यामुळे कारखाने आणि मोठ्या इमारतींपुरतेच राहिले. 1960च्या दशकात कोलोरॅडोतील ड्वेन पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी बॅटरीवर चालणारा घरगुती अलार्म विकसित केला आणि 1970च्या दशकात तो घरोघरी पोहोचला.

या आयन पद्धतीच्या अलार्ममध्ये अमेरिशियम-241 हा किरणोत्सारी धातू असतो, साधारण 1 मायक्रोक्युरी (किरणोत्साराचे एकक), म्हणजे वजनाने एक मायक्रोग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. तापलेल्या तेलातून उठणारे असंख्य सूक्ष्म कण आणि भडकलेल्या ज्वाळेचे कण या यंत्राला जवळजवळ सारखेच वाटतात. फोडणीचा आवाज होतो तो यामुळे. उलट गादी किंवा सोफा तासन्‌तास धुमसत असेल तर त्याचे कण मोठे आणि संख्येने कमी असतात. तिथे आयन पद्धत मागे पडते.

फोटोइलेक्ट्रिक अलार्मचे काम वेगळे चालते. अंधाऱ्या कप्प्यात एका बाजूने प्रकाशझोत सोडलेला असतो. मोठे कण आत आले की प्रकाश विखुरतो आणि बाजूच्या संवेदकावर पडतो. धुमसणारी आग तो लवकर पकडतो आणि फोडणीला तुलनेने कमी दचकतो. म्हणून स्वयंपाकघराजवळच्या हॉलमध्ये आणि झोपायच्या खोल्यांत हाच घ्यावा, किंवा दोन्ही संवेदक असलेला. चुलीपासून किमान 3 मीटर अंतर ठेवा. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमाने स्वयंपाकघरासाठी धुराऐवजी उष्णतेचा अलार्म ठरवला आणि घरातले सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असणे आवश्यक केले. फोडणी रोजची असलेल्या घरासाठी ही मांडणी आम्हाला सर्वांत शहाणी वाटते. अमेरिकेत यूएल 217 या स्मोक अलार्मच्या मानकाच्या आठव्या आवृत्तीने याच अडचणीला हात घातला: कबाबासारख्या मांसाच्या टिक्कीच्या धुराला ओरडायचे नाही, पण गादी-सोफ्यातला पॉलीयुरेथेन फोम धुमसला तर ओरडायचे, अशी कसोटी त्यात आहे.

फोमची कसोटी उगाच नाही. 1970च्या दशकातल्या चाचण्यांत घरातून निसटायला साधारण 17 मिनिटे मिळत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2004 साली दिलेल्या अहवालात हा अवधी 3 मिनिटांपर्यंत आल्याचे दिसले, कारण आताचे फर्निचर फार वेगाने पेटते.

आता अलार्म दहा वर्षांनी बदलायचा, त्याचा हिशेब. पुष्कळांना वाटते की तोवर किरणोत्सार संपतो. पण अमेरिशियम-241चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, 432 वर्षे आहे, दहा वर्षांत त्यात जेमतेम दीड टक्का घट होते. जुने होतात ते इलेक्ट्रॉनिक भाग आणि कप्पा. त्यात धूळ, कोळ्याचे जाळे, तेलाचा थर साचतो. फोटोइलेक्ट्रिकमध्ये धूळच प्रकाश विखुरते आणि खोटा गजर होतो. म्हणून मागच्या बाजूला छापलेली निर्मितीची तारीख पाहा आणि तिथून दहा वर्षे मोजा. खरेदीची तारीख चालत नाही, कारण माल दुकानात पडून राहिलेला असू शकतो.

वीजजोडणीचा अलार्म बदलताना आधी एमसीबी बंद करा, मग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा आणि मागचा प्लग सोडा. वेगळ्या कंपनीचा प्लग बहुधा बसत नाही, शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचे अलार्म एकमेकांशी बोलतील याचा भरवसा नसतो. त्यामुळे जोडलेले सगळे एकाच कंपनीचे, एकाच वेळी बदला. बसवल्यावर टेस्ट बटण दाबून धरा: गजर झाला पाहिजे, अमेरिकेतल्या अलार्मचा तीन आवाज, थोडी विश्रांती, पुन्हा तीन, असा. मिनिटाला एकदा येणारी टिकटिक म्हणजे बॅटरी संपत आली. ती बहुधा पहाटे सुरू होते, कारण गारठ्यात बॅटरीचा विद्युतदाब कमी होतो. सीलबंद दहा वर्षांची लिथियम बॅटरी असलेला घेतला तर ती काढून ठेवण्याचा मोहच उरत नाही. जुना आयन अलार्म मात्र कधीही उघडू किंवा फोडू नका; आतली किरणोत्सारी चकती तशीच बंद राहू द्या आणि तो उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे परत करा.