उन्हात तापलेला 'भीष्म'

मे महिन्यात भर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडल्यावर जो झोत तोंडावर येतो, तो आठवा. आता ती गाडी 46 टन पोलादाची आहे, तिला खिडक्या नाहीत आणि आत तिघं जण तोफगोळ्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेत, अशी कल्पना करा. थरच्या वाळवंटातला टी-90 रणगाडा साधारण असा असतो.

2001 साली भारताने रशियाशी 310 टी-90 रणगाड्यांचा करार केला. त्यातले 124 तयार आले, उरलेले 186 चेन्नईजवळच्या आवडी कारखान्यात जोडायचे होते. लष्कराने नाव ठेवलं 'भीष्म'. हा मूळचा टी-72 या जुन्या सोव्हिएत रणगाड्याच्या घराण्यातला. युरोपातल्या मैदानी लढाईसाठी घडवलेलं हे घराणं. उंची जेमतेम सव्वादोन मीटर, म्हणजे शत्रूला नेम धरायला अवघड. गोळे भरायला माणूस नाही, यंत्र. त्यामुळे आतली जागा आणखी आक्रसली. थंड प्रदेशात ही दाटीवाटी खपून जाते. आपल्याकडे तीच नडली.

पहिला दगा दिला तो थर्मल साइटने. अंधारात वस्तूंमधून निघणारे उष्णतेचे किरण टिपून ही दुर्बीण चित्र उभं करते. पण तिचा संवेदक स्वतःच गरम असेल, तर त्याला स्वतःच्याच उष्णतेचा गोंगाट ऐकू येणार. म्हणून एक चिमुकलं शीतयंत्र त्याला उणे 190 अंशांच्या आसपास थंड ठेवतं. रणगाड्याच्या पोटात 50-60 अंश तापमान असेल, तर या बिचाऱ्या यंत्राने उपसा करायचा तरी किती? सुरुवातीच्या काळात अनेक फ्रेंच साइट्स उन्हाळ्यात बंद पडल्या. उपाय सोपा, एसी बसवा! पण एसीला जागा लागते, वीज लागते, आणि या रणगाड्यात मुळात जागेचाच दुष्काळ.

तोफेचंही तसंच. गोळ्यामागची दारू तापलेली असली की जास्त वेगाने जळते आणि गोळा नळीतून अधिक वेगाने सुटतो. गरम हवा विरळ, म्हणून तिचा अडथळाही कमी. हे सगळं हिशेबात घेऊन गनरला नेम देणारा संगणक रणगाड्यात असतो, मात्र त्याला प्रत्येक जातीच्या गोळ्याचं गणित आधी पढवावं लागतं. दुसऱ्या बनावटीचा गोळा भरला आणि गणित जुनंच राहिलं, तर तोफ कितीही भारी असली तरी नेम चुकणारच. परदेशी रणगाड्यात देशी दारूगोळा वापरायचा म्हणजे नुसता नळीचा व्यास जुळून भागत नाही, हे अनेकदा विसरलं जातं.

इंजिनाचं दुखणंही हवेचंच. 15 अंशांच्या तुलनेत 50 अंशांना हवा सुमारे 11 टक्के विरळ होते, म्हणजे इंधन जाळायला प्राणवायू तेवढा कमी. हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बोचार्जर काही भरपाई करतो, पण इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरलाही तीच तापलेली हवा मिळते.

2009च्या ऑगस्टमध्ये आवडीत देशात बांधलेले पहिले दहा भीष्म बाहेर पडले. पुढे 2020 मध्ये भीष्म रणगाडे लडाखमध्ये चढवले गेले. तिथे चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या घरात, आणि हिवाळ्यात साधं डिझेल गोठून चिकट होतं. थरमध्ये इंजिनाची धग नकोशी झालेल्या रणगाड्याचं इंजिन तिथे रात्रीतून अधूनमधून सुरू करून गरम ठेवावं लागतं.